उद्यमनगरातल्या चाचांकडून फियाटचा गंज काढून घेतला, दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये. चाचांनीच बजावलंय, "नाव-बिव टाकू नका साहेब, हाताखाली दोनच पोरं हायत, गर्दी झाली की कामाची वाट लागती." पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन कुठल्याही लेथवाल्याला विचारा, जुन्या फियाटचं पत्र्याचं काम कोण करतं, तो हातातलं काम न थांबवता मानेनेच दिशा दाखवेल.

गाडी आमच्या काकांची, १९७० ची फियाट ११०० डी. डुक्कर फियाट म्हणतात त्या जुन्या मॉडेलच्या नंतरची आणि प्रीमियर पद्मिनीच्या आधीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. काका गेल्यावर ती रत्नागिरीत आमच्या घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती, समुद्र तिथून जेमतेम दीड किलोमीटर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो, त्यामुळे इथे उभी ठेवलेली गाडी ही चालवलेल्या गाडीपेक्षा जास्त सडते हे मी आता कुणालाही ठामपणे सांगू शकतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण त्यात मीठ आलं की तेच काम कितीतरी पटापट होतं, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं म्हणून पत्रा वरून कोरडा दिसला तरी सांध्यात ओलाच असतो.

२०१६ मध्ये मी तिचं एकदा डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं, दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही. वीस दिवसांत गाडी चकाचक करून दिली, अख्खं घर खूश, आईने ओवाळलं गाडीला. दुसरा पावसाळा संपता संपता दरवाज्याखाली रंगाला फोड आले. आधी मसुरीएवढे, मग वाटाण्याएवढे. तेव्हा वाटलं रंग हलका वापरला असेल. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गाडी फ्लॅटबेडवर टाकून आंबा घाटाने कोल्हापूरला नेली तेव्हा खरं कारण कळलं, ते कसं कळलं हे सविस्तर लिहितो कारण या वर्कशॉपला मी इतके मार्क का देतोय ते त्यातच आहे.

चाचांनी गाडीला एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, उलटा धरला आणि त्याच्या मुठीने पुढच्या चाकामागून दरवाज्याखालच्या पत्र्यावर वाजवत वाजवत मागे गेले. टण, टण, टण, आणि मागच्या दरवाज्यापाशी आल्यावर धप. पुन्हा धप. मला म्हणाले, "ऐकलासा?" मग तिथे छोटं लोहचुंबक लावलं, ते धरेचना, सरळ खाली पडलं. एक मोठा फोड होता त्यावर अंगठा दाबला तर त्यातून तपकिरी पाण्याची धार आली, आमच्याकडे पाऊस संपून महिना झाला होता तरी. मला विचारलं फोडू का, मी हो म्हटलं, त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक खुपसून उचकटलं आणि तळहाताएवढा लांबीचा खपला निघून आला (लांबी म्हणजे गॅरेजवाले जी पुट्टी भरतात ती). खपल्याच्या आत कागद होता. पेपर. भोकात पेपरचे बोळे कोंबून त्यावरून लांबी थापून घासून रंग मारलेला होता, आणि त्या ओल्या बोळ्यावर शेअर बाजाराच्या पानाचे आकडे अजून वाचता येत होते. मी तो तुकडा हातात घेऊन किती तरी वेळ नुसता उभा होतो. काकांनी ही गाडी मऊ फडक्याशिवाय कधी पुसली नाही.

चाचा त्या आधीच्या कारागिराला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "लांबी पानी पिती साहेब. वरनं रंग हाय म्हनून दिसत न्हाई, पर आतल्या बाजूनं पितच ऱ्हाती." हे अक्षरशः खरं आहे, त्या पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती ओलावा शोषते, मागून उघडी राहिली की स्पंजसारखी भिजते आणि पत्रा कायम ओला ठेवते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून फुगतो आणि रंगाला वर ढकलतो. फोड दिसला म्हणजे गंज तिथे नुकता सुरू झालाय असं नाही, बहुतेक वेळा तो मागच्या बाजूने पत्रा खाऊन पुढे पोचलेला असतो.

अंदाज त्यांनी त्या दिवशी दिलाच नाही. म्हणाले आधी गाडी उघडी करतो, मग या, डोळ्यानं बघा, मग बोलू. दहा दिवसांनी गेलो तर सीट, काचा, बीडिंग, बंपर सगळं उतरवलेलं, पेट्रोलची टाकी काढून बाहेर लांब ठेवलेली, तळाचं जुनं डांबरी अंडरकोटिंग खरवडलेलं, आणि जिथे जिथे पत्रा कापावा लागणार तिथे खडूने आखून ठेवलेलं. मला कंदील धरल्यासारखा हातदिवा देऊन आत बसवलं आणि एकेक जागा दाखवली. दोन्ही बाजूंच्या दरवाज्याखालच्या पेट्या म्हणजे सिल, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ, डिकीत स्टेपनी बसते ती खळगी, चारही दरवाज्यांच्या खालच्या कडा. छप्पर आणि बॉनेट मात्र सुदैवाने ठणठणीत. त्यानंतर आकडा सांगितला, पत्रा आणि गंजाचं काम १ लाख ४० हजार, रंग वेगळा. मी तिथेच हो म्हणालो. कारण एव्हाना मला काय विकत घेतोय ते दिसत होतं.

आता कामाबद्दल, हे ज्यांना स्वतःच्या गाडीचं करून घ्यायचंय त्यांच्यासाठी.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, सरळ सँड ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने रेतीचे दाणे मारून गंज उडवणं) का नाही. मीपण विचारला. उद्यमनगरात ब्लास्टिंगवाल्यांची काय कमी, फाउंड्रीचं गाव आहे. चाचा म्हणाले एक्सल, सस्पेन्शनचे आर्म, चाकाच्या रिमा, ब्रॅकेट हे सगळं बिनधास्त ब्लास्टिंगला पाठवा, आणि पाठवलंच. पण बॉनेट, छप्पर, दरवाज्याची मोठी सपाट पाठ याला हात लावू देणार नाही. पातळ पत्र्यावर जोरात दाणे आदळले की तो ताणला जातो, लाटा येतात, आणि ताणलेला पत्रा परत सरळ बसवणं हे नवा पत्रा बसवण्याहून अवघड. मग त्या लाटा झाकायला परत लांबीच. आणखी एक, साध्या रेतीची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, त्यामुळे ब्लास्टिंग करून घेणार असाल तर तो माणूस काय वापरतो आणि तोंडाला काय लावतो हे बघून घ्या, आपल्या गाडीपायी कुणाच्या छातीचं वाटोळं नको.

मोठ्या पत्र्यांवरचा रंग त्यांनी पेंट रिमूव्हरने सोडवला आणि गंजाच्या जागा ग्राइंडरला जाळीसारखी नायलॉनची डिस्क लावून साफ केल्या. ही डिस्क काळी किंवा जांभळी मिळते, ती गंज आणि रंग उचलते पण पत्रा फारसा खात नाही. मी आजवर सगळीकडे दगडाची डिस्क नाहीतर फ्लॅप डिस्क फिरवताना बघितलेलं, त्याने दिसायला झटकन चकचकीत होतं पण मिलिमीटरभर पत्र्यातला चांगला पत्राच निघून जातो. आणि तारेचा कप ब्रश गंजाला घासून घासून गुळगुळीत करतो, चमकतो म्हणून गेला असं वाटतं, पण खड्ड्यांत काळा तसाच बसलेला असतो. चाचांनी मला भिंग दिलं होतं बघायला. खरंच, टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, शेकडो.

त्या ठिपक्यांसाठी अ‍ॅसिड. इथे त्यांचा एक नियम आहे, तो त्यांनी मला निदान चार वेळा तरी ऐकवला असेल, संडासचं अ‍ॅसिड गाडीला लावायचं नाही. म्हणजे हायड्रोक्लोरिक. गंज ते दोन मिनिटांत खातं हे खरं पण क्लोराइड पत्र्याच्या सांध्यात शिरून बसतं आणि ते कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही, मग तोच सांधा आतून परत गंजतो. खारा वारा आपणच बाटलीतून ओतल्यासारखं झालं ते. ते फॉस्फोरिक वापरतात, पाणी मिसळून, ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मधे मधे घासायचं. लोखंडाचा गंज त्याने आयर्न फॉस्फेटमध्ये बदलतो, राखाडी होतो. मग स्वच्छ धुवून, पुसून, लगेच हॉट एअर गनने कोरडं. लगेच म्हणजे लगेच, एक पोरगा धुतोय आणि दुसरा मागोमाग सुकवत येतोय असं. नाहीतर अर्ध्या तासात पत्र्यावर केशरी झाक येते. आणि अ‍ॅसिडचे अवशेष राहिले तर वरचा इपॉक्सी प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर मारायचा, पाणी अडवणारा थर) नीट धरत नाही, म्हणून सुकल्यावर परत ८० नंबरचा पेपर मारून पत्रा खरखरीत करूनच प्रायमर.

छोट्या वस्तूंचं काम मी घरी केलं, बिजागऱ्या, दरवाज्याची कुलपं, बॉनेटचा हूक, नट-बोल्ट, अशा दोन बादल्या भरून. त्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, केमिकलच्या दुकानात किलोवर मिळतं. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो, प्लॅस्टिकची बादली, एक रात्र ते एक दिवस. सकाळी ब्रशने घासायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, धुवायचं, सुकवायचं, तेल लावायचं. स्वस्त आहे, हाताला फार लागत नाही, आणि परिणाम इतका सुंदर की डिकीच्या कुलपावरचे कोरलेले बारीक आकडे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसले. फक्त स्प्रिंगा आणि कडक पोलादाच्या वस्तू अ‍ॅसिडमध्ये दिवसभर टाकू नका, ठिसूळ होऊ शकतात. जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे तर अजिबात टाकू नका, खाऊन टाकतं. माझ्याकडून पूर्ण मार्क, घरी करणाऱ्यांनी पहिलं हेच घ्यावं. बाजारातलं 'गंजावरच मारा, काळं होतं' असं लिक्विडही मी आणलं होतं, ते टॅनिक अ‍ॅसिडवालं असतं, पोचताच येत नाही अशा कोपऱ्यात ठीक आहे पण सुटा पापुद्रा काढल्याशिवाय मारलं तर पापुद्र्यालाच चिकटतं आणि त्याच्यासकट गळून पडतं. बॉडीवर त्याच्या भरवशावर राहू नका.

पत्र्याचं काम बघायला मी मुद्दाम दोन दिवस रजा काढून गेलो होतो. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि दरवाज्याखालच्या सिल म्हणजे घराच्या तुळया. त्या कापल्या आणि गाडीला आधार नसला तर गाडी मधे वाकते, मग दरवाजे जन्मात बसत नाहीत. चाचांनी आधी दरवाजे लावून चारही बाजूंच्या फटी मोजून वहीत लिहिल्या, मग दरवाज्याच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाके मारून पक्के केले, आणि मगच ग्राइंडर हातात घेतला. एकावेळी एकच बाजू. सडका भाग कापताना गंज संपतो तिथे न थांबता दोन बोटं पुढे, चांगल्या पत्र्यापर्यंत. नवा पत्रा त्यांनी स्वतः वाकवला, जुन्या तुकड्यावर ठेवून ठेवून, हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), आतला वळसासुद्धा तसाच. वेल्डिंग सीओटूने (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तारेने करायचं), एकसलग ओढायचं नाही, इथे एक टाका, फूटभर लांब दुसरा, हात लावून गरम आहे का बघायचं, मग तिसरा. एका सिलला दोन दिवस गेले. मधे चहा पिताना मी म्हटलं चाचा, रेडिमेड तुकडा नाही का मिळत, मुंबईच्या टॅक्स्या एवढ्या मोडीत निघाल्या, पद्मिनीची बॉडी बरीचशी तीच ना. तर म्हणाले, "मिळतो की. पर त्या टॅक्सीनं बी मुंबईचाच पाऊस खाल्लाय की वो."

मूळ आकार जपण्याला आणखी एक कारण आहे. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत अशी अट आहे. आणि तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा कुणी सिलच्या जागी चौकोनी पाइप टाकून देतो म्हणाला तर दहादा विचार करा.

नंतरचं भराभर सांगतो. उघडा पत्रा सगळा एकाच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली, दोन हात. रेड ऑक्साइड म्हणजे साधा लाल प्रायमर नाही, कारण ते एकटं पाणी अडवत नाही. लांबी भरायची ती इपॉक्सीच्या वर, पत्र्यावर थेट नाही, आणि तीही कागदाच्या जाडीची, पूर्ण गाडीला मिळून एक डबा संपला नाही. सांध्यांना फटी बुजवायचा सीलर, मग सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर), त्यावर काळा पातळ फवारा मारून लाकडी ठोकळ्यावर पेपर धरून घासणं म्हणजे खळगे काळेच राहतात आणि दिसतात. रंग मूळचाच फिकट दुधी हिरवा, दुसऱ्या पेंटरकडून, तो चांगलाच झालाय पण त्याच्यावर लिहायला मला फारसं काही नाही. शेवटी सिलच्या आणि दरवाज्यांच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं, आणि तळाची पाणी जायची भोकं एकेक तार घालून मोकळी केली. ही भोकं माझ्या जुन्या कामात अंडरकोटिंगने बुजवली होती, बहुतेक गाड्यांत बुजलेलीच असतात, आजच जाऊन बघा.

तक्रारी आहेत, त्या पण लिहितो. तीन महिने सांगितले आणि सात लागले. फोन उचलत नाहीत, दुपारी दोन ते चार तर अजिबातच नाही, त्यामुळे रत्नागिरीहून मला पाच चकरा माराव्या लागल्या. बिल म्हणजे वहीतल्या पानावर चार ओळी, सामानाच्या पावत्या मी मागून मागून गोळा केल्या. काढलेल्या क्लिपा आणि स्क्रू एकाच डब्यात टाकतात, त्यातून माझ्या मागच्या काचेच्या पट्टीच्या तीन क्लिपा हरवल्या आणि त्या मिळवायला दीड महिना गेला. तुम्ही जाल तर स्वतः थांबून प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत भरा, नाव लिहा, फोटो काढा. क्रोमचं काम ते करत नाहीत. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॉडी उघडी करत नाहीत, कितीही पैसे दिले तरी, दमट हवेत साफ केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत टिकत नाही म्हणतात. ही शेवटची तक्रार म्हणून मोजू नका.

पैशाचं म्हणाल तर २०१६ ला मी ४५ हजार दिले होते आणि ते सगळे पाण्यात गेले, वर सात वर्षं गंजाला मिळाली ती वेगळीच, तेव्हाच हे काम झालं असतं तर निम्मा पत्रा वाचला असता असं चाचांचं मत आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा फोन न उचलल्याबद्दल आणि क्लिपांबद्दल कापतो.

गाडी मे २०२४ मध्ये घरी आली. तेव्हापासून दोन पावसाळे झाले, मुद्दाम थांबलो होतो, त्याआधी लिहिण्यात अर्थ नव्हता. दर महिन्याला मी तिच्याखाली आडवा होऊन सिलच्या भोकात पांढरा कापूस गुंडाळलेली तार फिरवतो. परवा ऑक्टोबरचा फेरा झाला. कापसाला मेणाचा पिवळा डाग होता, तपकिरी काही नव्हतं. फोटो चाचांना पाठवला, त्यांनी बघितलाय, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून आलेलं नाही.